लहरींचा सातबारा

फोनवर बोलणारा माणूस निम्म्याहून जास्त वेळ गप्प असतो. समोरचा बोलतो तेव्हा तो ऐकतो, आणि स्वतः बोलतानाही मधेच श्वास घेतो, शब्द शोधतो, नुसतंच "हं" म्हणून थांबतो. टेलिफोनवाल्यांनी हे फार पूर्वी मोजून ठेवलं आहे. संभाषणात एका बाजूचा आवाज साधारण चाळीस टक्के वेळच तारेवर असतो, बाकी वेळ तार रिकामी. १९६० मध्ये अटलांटिक महासागराखालच्या टेलिफोन केबलवर एकाच्या गप्प राहण्यात दुसऱ्याचं बोलणं बसवणारी यंत्रणा लावली गेली आणि तेवढ्याच तारांवर जवळपास दुप्पट संभाषणं चालू लागली. समुद्राखालची तार महाग होती, म्हणून ही अक्कल सुचली.

रेडिओलहरी काही स्वस्त नाहीत. २०२२ च्या लिलावात आपल्या सरकारला त्यांच्यापोटी दीड लाख कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. पण लहरींच्या वाटपात आपण त्या केबलवाल्यांची अक्कल वापरत नाही. ज्याने वारंवारतांचा पट्टा घेतला त्याचा तो पट्टा, भोवती कुंपण, आणि मालक गप्प असो, गावाला गेलेला असो किंवा त्याने त्या भागात एक टॉवरही उभा केलेला नसो, दुसऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही. शेतजमिनीसारखा आपण लहरींचाही सातबारा करून ठेवला आहे. जमिनीच्या बाबतीत ते समजू शकतं. एका वाफ्यात दोघांना दोन वेगळी पिकं घेता येत नाहीत. लहरींमध्ये ती घेता येतात, आणि हे अनेकांच्या डिजिटल संभाषणासाठी स्प्रेड स्पेक्ट्रम, म्हणजे संदेश रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवणारा, रेडिओ रचणाऱ्यांनी करून दाखवलं त्यालाही तीन दशकं उलटली. भारताने ते तंत्र विकत घेतलं, कोट्यवधी लोकांच्या हातात दिलं, त्यातला विचार मात्र दाराबाहेर ठेवला. तो आता तरी आत घ्यावा आणि लहरींचा मोठा हिस्सा कुणाच्याही नावावर न करता सामायिक ठेवावा, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी आधी त्या तंत्राकडे जरा जवळून पाहायला हवं. स्पेक्ट्रमच्या, म्हणजे या लहरींच्या पट्ट्यांच्या, चर्चेत कोटींचे आकडे येतात, मंत्र्यांची नावं येतात, कोर्टाचे निकाल येतात. रेडिओ कसा चालतो हे येत नाही.

कल्पना जुनी आणि लष्करी. १९४२ मध्ये अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. टॉर्पेडोला मार्ग दाखवणारा संदेश शत्रूला जॅम करता येऊ नये म्हणून तो ८८ वारंवारतांवर उड्या मारत न्यायचा, असं ते होतं. पियानोला पट्ट्याही ८८ असतात, तो योगायोग नव्हे. पुढे संदेश उड्या मारत नेण्याऐवजी एकदमच रुंद पट्ट्यावर पसरवून टाकायची दुसरी रीत आली. तो इतका पातळ पसरायचा की परक्याला नुसती खरखर वाटावी आणि ज्याच्याकडे संकेत (कोड) आहे त्यालाच ती पुन्हा गोळा करता यावी. १९७८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या कूपर आणि नेटलटन यांनी हेच तंत्र नागरी मोबाइल टेलिफोनसाठी सुचवलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८९ मध्ये क्वालकॉम या चार वर्षांच्या कंपनीने सॅन डिएगोत त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि १९९३ मध्ये आयएस-९५ हे मानक मंजूर झालं. आपण ज्याला नुसतं सीडीएमए म्हणायचो ते हेच.

त्याची रचना बोलण्याच्या स्वभावावर बेतलेली होती. फोनमधला व्होकोडर आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात घसा, जीभ आणि ओठ मिळून आवाजाला जो आकार देतात तेवढाच तो आकड्यांत लिहून पाठवतो. बोलणं चालू असेल तेव्हा सेकंदाला ९,६०० बिट लागतात. माणूस थांबला की हा दर निम्म्यावर, पाववर, शेवटी आठव्या हिश्श्यावर येतो, आणि दर उतरला की फोन हवेत सोडत असलेली सरासरी शक्तीही त्याच प्रमाणात उतरते. म्हणजे तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की टॉवरखालच्या बाकी सगळ्यांना तेवढी मोकळी हवा मिळते. ती कुणाच्या नावावर मोजून द्यावी लागत नाही. खरखर कमी झाली की ज्याचं त्याला आपोआप बरं ऐकू येतं.

मग पसरवणं. ९,६०० बिटांचा तो बारीक प्रवाह सेकंदाला १२ लाख २८ हजार ८०० ठोक्यांच्या संकेताने गुणला जातो. एकेका बिटामागे १२८ ठोके. टॉवरखालचे सगळे फोन सव्वा मेगाहर्ट्झच्या त्याच एका पट्ट्यात एकाच वेळी बोलतात. शेजारचा टॉवर तोच पट्टा वापरतो, त्याच्या शेजारचाही तोच. टॉवरला एखादा फोन ऐकायचा असेल तर तो त्याचाच संकेत लावतो. त्या फोनचे १२८ ठोके एका दिशेने जुळून उभे राहतात आणि बाकीच्यांचे इकडेतिकडे विखरून त्यांची खरखर होते.

एका पट्ट्यात किती माणसं बोलू शकतील, हे कागदावर पाचच पायऱ्यांत निघतं. पसरवण्यातून मिळालेला फायदा १२८ पट. आवाज नीट कळायला तो खरखरीच्या पाचपट तरी असावा लागतो, म्हणून १२८ भागिले ५, साधारण २५. शेजारच्या टॉवरांवरून येणारी खरखर आपल्या टॉवरच्या सहा-दशांश, म्हणून २५ भागिले १.६, म्हणजे १६. पण प्रत्येक जण चाळीस टक्केच वेळ बोलतो, म्हणून भागिले ०.४, म्हणजे ४०. टॉवरवर तीन दिशांना तीन अँटेना लावले तर प्रत्येक अँटेनाला आपल्या बाजूची खरखर तेवढी ऐकू येते आणि आकडा शंभराच्या आसपास जातो. तेवढ्याच सव्वा मेगाहर्ट्झमध्ये जुन्या ॲनालॉग पद्धतीला टॉवरमागे सहा संभाषणं मिळत आणि जीएसएमच्या, म्हणजे सीडीएमएच्या प्रतिस्पर्धी डिजिटल पद्धतीच्या, सुरुवातीच्या रचनेत बारा-पंधरा. कारण त्या दोन्हींत शेजारच्या टॉवरला तीच वारंवारता देता येत नसे, चार किंवा सात टॉवरांत पट्टा वाटून द्यावा लागे.

प्रत्यक्षात शंभर कधीच मिळाले नाहीत, आकडा बराच खाली आला. जीएसएमवाल्यांनीही पुढे वारंवारतांच्या उड्या आणि बोलणं थांबल्यावर प्रक्षेपण थांबवणं या युक्त्या घेऊन अंतर कमी केलं. त्या युक्त्या कुठून आल्या ते वर आलंच आहे. माझा मुद्दा मात्र सीडीएमए किती सरस होतं हा नाही. हिशोबातल्या त्या ०.४ कडे पाहा. माणसाच्या गप्प बसण्यातून क्षमता अडीच पट झाली, आणि ती कुणी कुणाला विकली नाही.

आता यातली मेख. टॉवरपासून शंभर मीटरवर एक माणूस आहे आणि तीन किलोमीटरवर दुसरा. अंतर तीसपट. वस्तीच्या भागात लहरींची शक्ती अंतराच्या जवळपास चौथ्या घाताने घटते, म्हणजे दोघांनी सारख्याच जोराने प्रक्षेपण केलं तर टॉवरला जवळच्याचा आवाज आठ लाख पटींनी मोठा ऐकू येणार. १२८ पटींचा फायदा तिथे काय पुरणार? जवळचा एकटा माणूस लांबच्या सगळ्यांना गाडून टाकेल. बरीच वर्षं जाणकारांचं मत असं होतं की स्प्रेड स्पेक्ट्रम मोबाइलमध्ये चालणारच नाही ते याच एका कारणाने. उपाय असा निघाला की टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगतो, आवाज एक डेसिबल वाढव किंवा एक डेसिबल उतरव. हो, ८०० वेळा. बोलणारा मोटरसायकलवर असो की इमारतीच्या आडोशाला, सगळ्यांचा आवाज टॉवरपाशी सारखाच पोचला पाहिजे, गरजेपेक्षा तसूभरही जास्त नाही.

लहरी सामायिक ठेवा म्हटलं की विरोधक लगेच "मग अंदाधुंदी होईल" म्हणतात, म्हणून या नियमापाशी थांबलो. कुंपण घातलेल्या पद्धतीत आपल्या पट्ट्यात किती ओरडायचं हे बऱ्याच अंशी ज्याचं तो ठरवतो. सामायिक पद्धतीत प्रत्येकावर क्षणाक्षणाला बंधन असतं. दोन्हीकडे शिस्त आहेच. एकीकडे ती हद्दीची आहे, दुसरीकडे दुसऱ्याला होणाऱ्या त्रासाची. रेडिओच्या बाबतीत दुसरी शिस्त जास्त खरी, कारण लहरींना हद्द कळत नाही आणि त्रास मात्र मोजता येतो.

सामायिकपणाची किंमतही असते. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की खरखर वाढते, कडेच्या फोनला पूर्ण जोर लावूनही पोचता येत नाही आणि टॉवरची हद्द आत सरकते. गावाच्या वेशीवर दुपारी लागणारा फोन रात्री आठला लागत नाही. दुकानदार हँडसेटला दोष द्यायचे, गिऱ्हाईक कंपनीला. टॉवर श्वास घेतोय, असं अभियंते म्हणत. पण जीएसएममध्ये बोलण्यासाठी आखून दिलेल्या वेळेच्या खाचा संपल्या की पुढच्या माणसाला सरळ "नेटवर्क बिझी" ऐकावं लागे. इथे सगळ्यांचाच आवाज थोडाथोडा घोगरा होत जाई आणि आणखी दोघांना जागा मिळे. कुणाला पूर्ण नाकारायचं की सगळ्यांनी थोडं सोसायचं, हा प्रश्न यंत्राच्या रचनेतच सोडवलेला होता.

हे यंत्र भारतात आलं तेव्हा आपण त्याचं काय केलं?

२००१ मध्ये सरकारने साध्या टेलिफोनच्या कंपन्यांना शेवटची तार काढून तिथे रेडिओ लावायची परवानगी दिली आणि थोडं फिरण्याचीही मुभा दिली. त्याला 'मर्यादित मोबिलिटी' म्हणत. मर्यादा किती, तर एका स्थानिक आकारणी क्षेत्रापुरती, जे बहुतेक ठिकाणी तालुक्याएवढं असे. जीएसएम कंपन्यांनी मोठं शुल्क भरून मोबाइलचे परवाने घेतले होते, त्यांचा संताप रास्त होता. प्रकरण लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरलं. पण तांत्रिक बाजूने पाहिलं तर हे विलक्षणच होतं. सीडीएमएची सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे फोन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना काही काळ दोन्ही टॉवरांशी एकदम बोलतो, जोड कळूच देत नाही. सगळे टॉवर एकाच पट्ट्यात असल्याने ते जमतं. त्या फोनला आपल्या कायद्याने सांगितलं की तालुका संपला, थांब. महसूल खात्याची रेषा आपण रेडिओत काढली.

रिलायन्सने २००२ च्या डिसेंबरात सेवा सुरू केली, २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हँडसेट मिळू लागला, आणि ज्या घरांत मोबाइल ही चैन समजली जायची तिथेही तो खिशात आला. त्याच नोव्हेंबरात साध्या आणि मोबाइल टेलिफोनचा एकत्रित परवाना येऊन तालुक्याची रेषा पुसली गेली. हे श्रेय त्या तंत्राला आणि त्या कंपनीच्या धडाडीला द्यायलाच हवं. पण त्या फोनात सिमकार्ड नसे, नंबर हँडसेटच्याच पोटात लिहिलेला असे. कंपनी बदलायची तर फोनच फेकून द्यावा लागे. तंत्रात कार्डाला जागा होती, ती वापरायची नाही हा धंद्याचा निर्णय. लहरी वाटून घेणारं यंत्र गिऱ्हाईकाला बांधून ठेवायला वापरलं गेलं आणि नियामकाने ते चालू दिलं.

याहून वाईट होती स्पेक्ट्रम देण्याची सूत्रं. नव्या परवान्यात जीएसएम कंपनीला सुरुवातीला जाण्याचे ४.४ आणि येण्याचे ४.४ मेगाहर्ट्झ, सीडीएमए कंपनीला २.५ आणि २.५. तुमचं तंत्र काटकसरी आहे ना, मग कमी घ्या. पुढचा स्पेक्ट्रम ग्राहकांच्या संख्येवर. मग ग्राहकसंख्या कुणाची खरी आणि कुणाची फुगवलेली यावर दोन्ही गट वर्षानुवर्षं भांडत राहिले. जो कमी लहरींत जास्त लोकांना बोलू देतो त्याला त्याच कारणाने कमी लहरी मिळणार असतील तर तो उद्या आणखी काटकसर कशाला करेल? काटकसरीतून उरलेलं सगळ्यांसाठी मोकळं ठेवण्याचा विचार त्या सूत्रात कुठेच नव्हता. उरलं ते नव्याने कुंपण घालून तिसऱ्याला द्यायचं, एवढंच. पुढे त्या देण्यात काय झालं ते देशाने पाहिलं आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले.

तेव्हापासून लिलाव म्हणजेच प्रामाणिकपणा, असं समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं. ते कुणी मोडू पाहिलं की त्याच्या हेतूवर संशय येतो. पण त्याच वर्षी सप्टेंबरात, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर उत्तर देताना, त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की नैसर्गिक संपत्तीचं वाटप लिलावानेच झालं पाहिजे असं राज्यघटना सांगत नाही. त्याच्याही आधी १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचा वापर लोकहितासाठी नियंत्रित व्हावा असं म्हटलं होतं. सार्वजनिक मालमत्ता जास्तीत जास्त भावाला विकणं हाच तिचा लोकहिताचा वापर, हे त्या निकालातून निघत नाही. ते आपण वित्त खात्याच्या सोयीने काढलं.

लिलावाचा दोष असा की न विकलेला माल जपून ठेवता येत नाही. २०१६ मध्ये ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटी रुपये राखीव, म्हणजे किमान, किंमत लावली. एकानेही बोली लावली नाही. २०२१ मध्ये किंमत उतरवली, तरी कुणी आलं नाही. या पट्ट्याचा काही भाग २०२२ मध्ये गेला. भिंती भेदणारा, लांब पोचणारा, ग्रामीण भागासाठी सगळ्यात उपयोगाचा पट्टा सहा वर्षं नुसता पडून राहिला. कोळसा सहा वर्षं जमिनीत राहिला तर सातव्या वर्षी तेवढाच निघतो. लहरींचा कालचा दिवस आज वापरता येत नाही, तो गेला तो गेला. २०२४ च्या लिलावात तर सुमारे साडेदहा हजार मेगाहर्ट्झ मांडले आणि विकले गेले १४१. उरलेल्यात बराचसा भाग अगदी वरच्या, कमी पल्ल्याच्या पट्ट्यांचा होता हे खरं. पण म्हणून तो पडून राहावा हे कसं ठरतं?

आणि विकला गेलेला पट्टा तरी वापरात असतो का? आपल्याकडे स्पेक्ट्रम सर्कलनिहाय विकला जातो. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई वेगळी. म्हणजे पुण्या-नाशिकसाठी ज्याने पट्टा घेतला त्याच्या नावावर धारणी, चिखलदरा, अक्राणी, भामरागड सगळं आपोआप चढलं. त्याच्यावर सेवा पोचवण्याची बंधनं असतात, पण ती टक्क्यांत, आणि टक्के भरायला सोयीची गावं आधी निवडली जातात. उरलेल्या डोंगराळ भागात तो टॉवर उभारणार नाही, कारण परवडत नाही. ग्रामपंचायत, आश्रमशाळा किंवा एखादी स्थानिक संस्था तिथे तोच पट्टा कमी शक्तीवर वापरू म्हणेल तर तो बेकायदा. ज्या लहरी तिथे कुणीही सोडत नाही त्या सोडणं गुन्हा.

सामायिक पट्टा म्हणजे काय होतं ते आपल्याच घरात दिसतं. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, मायकेल मार्कस नावाच्या आपल्याच एका अभियंत्याच्या पाठपुराव्यावरून, तीन पट्टे बिनपरवाना खुले केले. अट अशी की उपकरण स्प्रेड स्पेक्ट्रमचं हवं आणि शक्ती एक वॉटच्या आत. हे पट्टे मायक्रोवेव्ह ओव्हन आणि कारखान्यांतल्या भट्ट्यांच्या खरखरीने भरलेले, कुणाला नको असलेले. प्रस्थापितांनी विरोध केला. पुढे त्याच उकिरड्यावर वायफाय उगवलं, आणि सेकंदाला १,६०० वेळा ७९ वारंवारतांवर उड्या मारणारं ब्लूटूथही. आपण २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला, वीस वर्षांनी. आज देशातल्या प्रत्येक कचेरीत, दवाखान्यात, चहाच्या टपरीवरच्या पेमेंटच्या डब्याशेजारी जो वायफाय चालतो त्याच्यासाठी एका पैशाचा लिलाव झालेला नाही. त्यातून सरकारला थेट काही मिळालं नाही, असं वित्त खातं म्हणेल. त्याच्यावर उभ्या राहिलेल्या धंद्यांचा कर कोण भरतं?

आपल्याकडेही प्रयोग झाले. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या टीव्हीच्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ देशात जवळपास सगळीकडे रिकाम्या आहेत. कारण साधं आहे, जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपित करणारं आपल्याकडे एकटं दूरदर्शन. त्यांनी पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात त्या रिकाम्या वाहिन्यांवर पाड्यांना इंटरनेट जोडून दाखवलं. पण परवाना प्रायोगिक. प्रयोग यशस्वी झाला तरी पुढे जायला दार नाही, कारण बिनपरवाना दुय्यम वापराचा, म्हणजे मूळ मालक बोलत नसेल तिथे इतरांनी बोलण्याचा, नियमच आपण केला नाही. पट्टा मोकळाच राहिला, कधीतरी विकता येईल या आशेवर.

या सगळ्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप माझ्याच उदाहरणातून येतो. सीडीएमए शेवटी हरलं. नोव्हेंबर २०१२ च्या लिलावात सीडीएमएच्या ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला एकही बोली आली नाही, कंपन्या एकेक करून जीएसएम आणि ४जीकडे गेल्या, आणि ४जीने पसरवणं सोडून पट्ट्याचे बारीक, एकमेकांना न छेदणारे तुकडे करण्याचीच रीत घेतली. मग हरलेल्या तंत्राच्या नावाने धोरण का आखायचं? उत्तर असं की पसरवणं हरलं ते बोलण्यासाठी नव्हे, डेटासाठी. एकाच माणसाला सगळा पट्टा हवा असेल तर त्याचा प्रवाह पसरवायला जागाच उरत नाही. वायफायनेही पुढे पसरवणं सोडलं. पण ४जीतले ते तुकडे कुणाच्या मालकीचे नसतात. टॉवर ते दर मिलिसेकंदाला नव्याने वाटतो, आणि तुम्ही बोलायचं थांबलात की तुमचे तुकडे दुसऱ्याला देतो. म्हणजे कंपनीने आपल्या कुंपणाच्या आत पूर्ण सामायिक व्यवस्थाच चालवली आहे. तिला सामायिकपणाचा फायदा ठाऊक आहे. तो तिला कुंपणाबाहेर नको आहे.

हमीचा आक्षेपही खरा आहे. हजारो कोटी गुंतवणाऱ्याला पट्ट्याची खात्री लागते, आणि रुग्णवाहिकेचा फोन शेजाऱ्याच्या वायफायच्या मर्जीवर सोडता येणार नाही. म्हणून सगळेच पट्टे खुले करा असं मी म्हणत नाही. अमेरिकेने ३,५५० ते ३,७०० मेगाहर्ट्झमध्ये तीन पायऱ्या केल्या. पहिला मान नौदलाच्या रडारचा, मग लिलावात हक्क घेतलेल्यांचा, आणि ते दोघे जिथे बोलत नसतील तिथे कुणाचाही. कोण कुठे बोलतंय हे संगणकीय नोंदणी पाहते. ब्रिटनने २०१९ पासून मोबाइल कंपन्यांच्या न वापरलेल्या पट्ट्यांसाठी स्थानिक परवाने द्यायला सुरुवात केली. मूळ मालकाचं यात काही बुडत नाही. तो आला की इतरांनी बाजूला व्हायचं.

आपल्यापुढे निर्णय आत्ताच आहेत. मे २०२५ मध्ये ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा आला, त्याच्या वरचा पट्टा मोबाइल कंपन्यांना हवा आहे. अमेरिकेने ५,९२५ पासून वरचे १,२०० मेगाहर्ट्झ २०२० मध्येच खुले केले होते. वरच्या पट्ट्यातही जिथे टॉवर नाही तिथे घरातला कमी शक्तीचा वापर चालू द्यावा. टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्या ग्रामपंचायती आणि स्थानिक संस्थांसाठी दुय्यम वापराला खुल्या कराव्यात. साध्या बोलण्याला सेकंदाला दहा-बारा हजार बिट पुरतात. एका पाड्यावरून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आवाज नेण्यासाठी कुणाला ५जी लागत नाही.

आणि विकलेल्या पट्ट्यांचं काय? २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या सातव्या कलमात, पुरेशा कारणाशिवाय पडून राहिलेला स्पेक्ट्रम काढून घेण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. अधिकार मोठा आहे, म्हणूनच तो वापरला जाण्याची शक्यता कमी. कुठलं सरकार मोठ्या कंपनीचा पट्टा हिसकावून कोर्टात जाईल? त्यापेक्षा हलका नियम चालेल. परवाना मिळून ठरावीक मुदत उलटल्यावर ज्या तालुक्यात त्या पट्ट्यावर एकही टॉवर बोलत नाही, तिथे तो आपोआप दुय्यम वापराला खुला. मालकी तशीच राहील, फक्त रिकामं राहणं बंद.

पट्टा कुठे रिकामा आहे हे शोधायला नवी यंत्रणाही लागत नाही. टॉवरच्या किरणोत्सर्गाबद्दल लोकांना वाटणारी भीती दूर व्हावी म्हणून सरकारने २०१७ मध्ये 'तरंग संचार' हे पोर्टल सुरू केलं. कुठे कुठला टॉवर आहे आणि त्यावर कुठलं तंत्र चालतं ते त्यात पाहता येतं. त्यात प्रत्येक टॉवरपुढे वापरात असलेल्या पट्ट्यांचा एक रकाना घालावा आणि तालुकावार यादी लोकांना उतरवून घेता येईल अशी ठेवावी. मेळघाटातल्या दोन तालुक्यांची यादी आधी काढली तरी बरीच चर्चा पुढे सरकेल.